केळ्याने न भरणारी तूट

चेन्नईचा ग्रीम्स रोड हा इस्पितळांचा आणि लॉजेसचा रस्ता. 1983 मध्ये इथे अपोलो रुग्णालय सुरू झालं आणि पुढच्या चार दशकांत हे शहर देशभरच्या रुग्णांचा मुक्काम होऊन बसलं. बंगाल, ईशान्य भारत, शेजारचा बांगलादेश आणि आपल्या महाराष्ट्रातूनही माणसं ऑपरेशनसाठी चेन्नई गाठतात. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरियाट्रिक सर्जरी, करून घेणारेही त्यांत असतात. दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन एक-दोन तासांत आटोपतं, थोड्याच दिवसांत सुट्टी मिळते आणि रुग्ण आपल्या गावी परततो. सर्जन तिकडे आणि रुग्ण इकडे, अशी स्थिती असतानाच खरी कसोटी सुरू होते.

दीड-दोन महिन्यांनी जिना चढताना मांड्या भरून येतात. रात्री पोटरीत गोळा येतो. मधूनच छातीत धडधडतं, पोट साफ होत नाही. "वजन उतरतंय, अशक्तपणा यायचाच," असं म्हणून घरचे धीर देतात. कोणीतरी आग्रह धरल्यावर रक्त तपासलं जातं आणि अहवालात पोटॅशियमपुढे 2.9 हा आकडा येतो. त्यावर घरोघरचा सल्ला ठरलेला असतो: रोज एक केळं खा.

केळं खाल्ल्याने बिघडत काही नाही, पण एवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे. शस्त्रक्रियेनंतर पोटॅशियम घटतं तेव्हा ते कुठून तरी गळत असतं, किंवा मुळात पोटात पुरेसं जातच नसतं. ती जागा सापडेपर्यंत वरून कितीही भर घाला, आकडा पुन्हा खाली येतो.

हा विषय आता मोजक्या माणसांपुरता उरलेला नाही. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेबरोबर केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार 28.6 टक्के प्रौढ भारतीय लठ्ठ आहेत आणि पोटाचा घेर जास्त असलेल्यांचं प्रमाण 39.5 टक्के आहे. मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या पुढे गेली आहे. 2022 मध्ये या शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष सैल केले आणि आशियाई लोकांसाठी बॉडी मास इंडेक्स 27.5 पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो असं सांगितलं. आपल्याकडे नितीन गडकरी यांनी 2011 मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि 'हे असं काही असतं' हे मराठी घरांत पोचलं. शस्त्रक्रिया वाढतील तशी तिच्यानंतरची काळजी घेणारी माणसंही घरोघरी लागणार आहेत.

पोटॅशियम करतं काय?

शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर, रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात, उरतं ते जेमतेम 2 टक्के. प्रयोगशाळा मोजते ती या 2 टक्क्यांतली पातळी. लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल ही तिची नेहमीची मर्यादा. 3.5 च्या खाली गेलं की कमी, 3 च्या खाली चिंतेचं आणि 2.5 च्या खाली तातडीचं.

आत जास्त आणि बाहेर कमी, हा फरक आपोआप टिकत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत ओढतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना याचा शोध लावला. 1957 मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि 1997 मध्ये त्यासाठी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. या फरकामुळेच पेशीच्या आवरणावर विजेचा दाब तयार होतो. मज्जातंतूतून संदेश धावतो, स्नायू आखडतो-सैलावतो, हृदयाचा ठोका ठरल्या तालात पडतो, तो या दाबाच्या जोरावर. पोटॅशियम घटलं की पायांतलं बळ जातं, आतडी मंदावतात आणि ईसीजीच्या पट्टीवर टी ही लाट चपटी होऊन तिच्यामागे यू नावाची छोटी लाट डोकं वर काढते. त्या पट्टीकडे पाहून अनुभवी डॉक्टर रक्ताचा अहवाल हाती येण्याआधीच सावध होतात.

तूट येते कुठून?

सर्वांत आधी आहार. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, बायपासमध्ये जठराची जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी ठेवतात. सुरुवातीचे आठवडे पातळ आणि मग मऊ अन्नावर काढायचे असतात. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 3,500 मिलिग्रॅम पोटॅशियम लागतं. घोट-घोट घेतलेली पेज आणि पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर यांतून ते भरून निघत नाही. मूत्रपिंडं पोटॅशियम वाचवतात, पण पूर्णपणे थांबवू शकत नाहीत. त्यामुळे निव्वळ कमी खाण्यानेही साठा हळूहळू उतरतो.

दुसरी वाट उलट्यांची. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जठररसात पोटॅशियम फार नसतं, लिटरमागे 10 मिलिमोलच्या आसपास. तरीही वारंवार उलट्या होणाऱ्या माणसाचं पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, कारण ते लघवीतून जातं. उलटीबरोबर आम्ल आणि पाणी गेलं की रक्त अल्कधर्मी होतं आणि शरीर कोरडं पडतं. मग अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मूत्रपिंडांना सोडियम धरून ठेवायला सांगतं आणि त्या बदल्यात मूत्रपिंडं पोटॅशियम सोडून देतात. म्हणून उलट्या थांबवणं आणि पाणी-मीठ भरून काढणं हा पोटॅशियमच्या उपचाराचाच भाग आहे. उलट्यांमागे नुसती घाईघाईने खाण्याची सवय आहे की जठराची वाट अरुंद झाली आहे, हे सर्जनने पाहायलाच हवं.

तिसरी वाट जुलाबांची. लहान आतड्याचा बराच भाग वगळणाऱ्या लांब बायपासनंतर ते जास्त होतात. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातला पहिला मोठा धडा तोच होता. 1950 च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया सुरू झाली. वजन उतरायचं, पण जुलाबांबरोबर पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम वाहून जायचं. शिवाय यकृत आणि मूत्रपिंडं बिघडायची. ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. 1966 मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास करायला सुरुवात केली आणि आजच्या पद्धती त्यातून घडल्या. त्या कितीतरी सुरक्षित आहेत, पण पोटॅशियमचा पहारा सोडण्याइतक्या नाहीत.

चौथी वाट औषधांच्या डब्यात असते, आणि तिथे कोणी पाहत नाही. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांच्या नावाशेवटी 'एच' हे अक्षर असतं. बहुतेकदा त्याचा अर्थ मूळ औषधासोबत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. ते पोटॅशियम बाहेर टाकतं. वजन उतरतं तसा रक्तदाबही उतरतो, पण जुनी गोळी जुन्याच मात्रेत चालू राहते. आधीच कमी पाणी पिणाऱ्या, कमी खाणाऱ्या माणसाला ती दुहेरी फटका देते. गोळी स्वतःहून बंद करू नये, पण शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच भेटीत ती डॉक्टरांपुढे ठेवून "ही आता लागते का?" हे विचारावं. दम्याचे काही पंप पोटॅशियम पेशींत ढकलतात. बद्धकोष्ठतेवर रोज घेतलेलं एरंडेल किंवा जुलाबाच्या गोळ्या ते शौचावाटे काढतात. ॲसिडिटीवर किंवा घशासाठी घरोघरी चघळलं जाणारं ज्येष्ठमध, ज्याला चेन्नईत अतिमधुरम म्हणतात, तेही निरुपद्रवी नाही. जास्त दिवस घेतलं तर ते शरीरात अल्डोस्टेरॉनसारखा परिणाम घडवतं आणि पोटॅशियम लघवीतून जातं. शस्त्रक्रिया झालेल्यांनी त्याच्यापासून दूरच राहावं.

पाचवी गोष्ट मॅग्नेशियमची, आणि पुष्कळ अडलेल्या रुग्णांचं कोडं इथे सुटतं. मॅग्नेशियम कमी असलं की मूत्रपिंडातल्या पोटॅशियमच्या वाटा उघड्याच राहतात. मग पोटॅशियम देणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शस्त्रक्रियेनंतर जठराला व्रण पडू नये म्हणून पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी काही महिने देतात, ती योग्यच असते. पण अशी औषधं दीर्घकाळ घेतल्याने मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये दिला होता. आठवडाभर औषध घेऊनही पोटॅशियम हलत नसेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: मॅग्नेशियम तपासलं का?

शेवटची वाट सर्वांत फसवी. कित्येक दिवस पोटात फारसं काही गेलेलं नाही, आणि मग शिरेतून ग्लुकोज चढवलं किंवा एकदम पिठूळ-गोड अन्न दिलं, तर इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीतून सुटलेल्या माणसांना पोटभर अन्न मिळाल्यावर काही जण दगावले, त्यामागे हीच क्रिया होती. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावताना "वजनाचं ऑपरेशन झालंय, बरेच दिवस उलट्या होतायत" हे एक वाक्य नातेवाइकाने आवर्जून सांगावं. त्या वाक्याने उपचाराचा क्रम बदलतो.

केळ्याचा हिशेब

आता केळ्याकडे येऊ. रक्तातलं पोटॅशियम 4 वरून 3 वर आलं, तर शरीरातल्या एकूण साठ्यात साधारण 200 ते 400 मिलिमोलची तूट असते. मध्यम आकाराच्या केळ्यातून मिळतात सुमारे 11 मिलिमोल. म्हणजे किमान तूट भरायलाही 18 केळी हवीत, तीसुद्धा गळती पूर्ण थांबलेली असेल तर. ज्याच्या जठरात एका वेळी अर्धं केळं मावतं, त्याच्यासाठी हा मार्ग बंदच आहे. शिवाय फळांतलं पोटॅशियम क्लोराइडच्या रूपात नसतं, आणि उलट्यांमुळे आलेल्या तुटीत क्लोराइडही हवं असतं.

म्हणून डॉक्टर पोटॅशियम क्लोराइडचं पातळ औषध देतात. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या सिरपच्या 15 मिलिलिटरमध्ये 20 मिलिमोल पोटॅशियम असतं, जवळजवळ दोन केळ्यांइतकं. चव खारट-कडू असते आणि तसंच प्यायलं तर पोटात आग होते. भरपूर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, सावकाश घोट घेत ते संपवायचं असतं. हळूहळू विरघळणाऱ्या मोठ्या गोळ्या या रुग्णांना सहसा देत नाहीत. लहान झालेल्या जठरात किंवा जोडाच्या ठिकाणी गोळी रेंगाळली तर तिथे व्रण होऊ शकतो. 1960 च्या दशकात पोटॅशियमच्या आवरणयुक्त गोळ्यांनी लहान आतड्यात व्रण झाल्याची अनेक प्रकरणं पुढे आली होती.

पातळी फार खाली असेल, हृदयाचा ताल बिघडला असेल किंवा तोंडाने काही टिकतच नसेल, तर पोटॅशियम सलाइनमधून द्यावं लागतं. तिथे घाई चालत नाही. हाताच्या शिरेतून साधारणपणे तासाला 10 मिलिमोल, आणि त्याहून वेगाने द्यायचं तर हृदयाच्या मॉनिटरखाली, असा दंडक आहे. जास्त झालेलं पोटॅशियमही हृदय थांबवतं. याच कारणाने घरच्या घरी मनाने सिरप वाढवू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी तर पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं 'कमी सोडियमचं' मीठसुद्धा विचारल्याशिवाय वापरू नये.

चेन्नईचा उन्हाळा

मे महिन्यात चेन्नईत अग्नि नक्षत्राचे, म्हणजे कडक उन्हाचे, दिवस येतात. 2003 च्या मे महिन्यात तर पारा 45 अंशांवर गेला होता. घामातून पोटॅशियम तसं थोडंच जातं, पण पाणी आणि मीठ पुष्कळ जातं, आणि शरीर कोरडं पडलं की वर सांगितलेलं अल्डोस्टेरॉनचं चक्र सुरू होतं. साधा माणूस तांब्याभर पाणी गटागटा पिऊन सावरतो. शस्त्रक्रिया झालेल्याला ते शक्य नाही. दिवसाला दीड ते दोन लिटरचं उद्दिष्ट त्याला घोटाघोटानेच गाठावं लागतं, आणि जेवताना पाणी टाळायचं असल्याने मधल्या वेळाच कामी आणाव्या लागतात.

या बाबतीत चेन्नईचा रस्ता मदतीला येतो. नाक्यानाक्यावर इळनीर, म्हणजे शहाळं, मिळतं. उन्हाळ्यात ठिकठिकाणी तण्णीर पंदल, म्हणजे पाणपोयांचे मांडव, उभे राहतात आणि तिथे नीर मोर, म्हणजे आलं-कढीपत्ता घातलेलं पातळ ताक, फुकट वाटतात. शहाळ्याच्या 200 मिलिलिटर पाण्यात सुमारे 500 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. तासाभरात थोडं थोडं करून ते संपवता येतं. मात्र त्यात सोडियम कमी असतं. जुलाब होत असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएसच घ्यावं. त्याच्या एका लिटरमध्ये 20 मिलिमोल पोटॅशियम आणि 75 मिलिमोल सोडियम असतं. पाकीट वाचून घ्या. नावात ओआरएस असलेली पण साखरेने भरलेली पेयं आपल्याकडे वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. बायपास झालेल्या माणसाने असं साखरेचं पेय प्यायलं तर घाम, धडधड आणि जुलाब सुरू होऊ शकतात, म्हणजे उपाय म्हणून घेतलेलं पेयच तूट वाढवतं.

उकाड्याचा आणखी एक परिणाम अहवालावर होतो. घरी येऊन रक्त नेणारा तंत्रज्ञ चार-पाच घरं फिरून प्रयोगशाळेत पोचतो. तोवर नळी तापलेल्या पिशवीत राहिली, तर नळीतल्या रक्तपेशींचे पंप चालूच राहतात आणि द्रवातलं पोटॅशियम आत ओढतात. आकडा खोटाच कमी येतो. नमुना थंडीत राहिला किंवा पेशी फुटल्या तर उलट घडतं आणि खरी तूट झाकली जाते. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर प्रयोगशाळेत जाऊन रक्त द्यावं आणि लगेच तपासायला सांगावं. पण पायांत बळ नसेल, छाती धडधडत असेल, तर आकड्यावर शंका घेत घरी बसू नये.

स्वयंपाकघरात काय करता येईल?

तूट औषधाने भरली की ती पुन्हा होऊ न देण्याचं काम स्वयंपाकघराचं. पोटॅशियम पाण्यात उतरतं. भाजी उकडून पाणी ओतून दिलं तर ते त्याबरोबर मोरीत जातं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम कमी करण्यासाठी हीच युक्ती शिकवतात. इथे नेमकं उलट करायचं. भाज्यांचं पाणी सारात, डाळीचं पाणी कढणात वापरायचं. चेन्नईच्या घरांतला टोमॅटोचा, डाळीच्या पाण्याचा रसम सौम्य करून दिला तर या कामाला उत्तम, आणि आपलं मुगाचं कढण, टोमॅटोचं सार किंवा कटाची आमटीही तितकीच उपयोगी. तिखट आणि चिंच सुरुवातीला हात राखून घालावी.

मऊ आहार सुरू झाला की दर घासाला किंमत येते. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं आधी, मग बाकीचं, हा नियम पाळताना प्रथिनांतूनच पोटॅशियम मिळवावं. दही, डाळी, मासे आणि चिकन यांत ते असतं. त्यानंतर शेवग्याचा कोवळा पाला, पालक, कुस्करलेला बटाटा किंवा रताळं, नाचणीची पातळ आंबील आणि शेवटी केळं. नुसत्या पांढऱ्या भाताची पेज पोटाला सोसते, पण तिच्यात पोटॅशियम नगण्य असतं. दिवस-दिवस पेजेवर काढणाऱ्या रुग्णाचं रक्त लवकर तपासावं.

पहारा आयुष्यभराचा

शस्त्रक्रियेनंतर 3, 6 आणि 12 महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्त तपासावं, असा सर्वमान्य परिपाठ आहे. उलट्या-जुलाब झाले किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्याहून लवकर. प्रत्येक वेळी पोटॅशियमसोबत मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मागून घ्यावं. एकटा आकडा कारण सांगत नाही, तिन्ही मिळून सांगतात. चोवीस तासांहून जास्त काळ काहीच पोटात टिकत नसेल, चक्कर येऊन पडायला झालं, ठोके चुकू लागले, पाय उचलेनात, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता ईसीजीची सोय असलेलं इस्पितळ गाठावं.

दूरच्या शहरात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी दोन गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात. कोणती शस्त्रक्रिया झाली, किती आतडं वगळलं, कोणती औषधं किती दिवस घ्यायची आणि कोणत्या तपासण्या कधी करायच्या, हे लिहिलेला एक कागद. आणि आपल्या गावातला एक फिजिशियन, ज्याने तो कागद वाचला आहे. चेन्नईचा सर्जन ऑपरेशन उत्तम करील, पण सोलापूर किंवा नागपुरात रात्री अकरा वाजता उलट्या थांबत नसतील, तर उपयोगी पडेल तो हा गावातला डॉक्टर.

वजन उतरलेल्या माणसाचं कौतुक सगळे करतात. किती किलो कमी झालं हे विचारणाऱ्यांनी यापुढे आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: शेवटचं रक्त कधी तपासलं? ज्याला तो प्रश्न वेळेवर विचारला जातो, त्याच्या अहवालात 2.9 हा आकडा यायच्या आधी 3.4 दिसतो, आणि 3.4 वर दुरुस्ती सोपी असते.